जोडीने जा, पण गोळ्या वेगळ्या बांधा

नोकरीतून मोकळं झालेलं एखादं जोडपं आमच्याकडे येतं. चहा होतो, पावसापाण्याचं बोलणं होतं आणि उठता उठता बाई विचारतात, "मॅडम, नेपाळात धम्मसेवेला जायचं म्हणतोय. झेपेल का हो?" निलंग्यात असं विचारणारे अलीकडे वाढलेत. लेकरं पुण्या-हैदराबादला, पेन्शन चालू, विपश्यनेची दोन-चार शिबिरं झालेली. शिबिराला फी नसते, शिकवणाऱ्याला मानधन नसतं, रांधणारेही आपल्यासारखेच जुने साधक असतात. तेव्हा आपणही कुणासाठी तरी रांधावं असं वाटणं साहजिकच आहे. मी सांगते, जरूर जा. फक्त आपण जोडीने चाललोय, हे डोक्यातून काढून टाका.

दहा दिवसांच्या शिबिरात बायकांचा नि पुरुषांचा भाग वेगळा असतो. खोल्या, जेवण, फिरायची वाट, सगळंच वेगळं. सेवा देणाऱ्यांनाही तोच नियम. साधकांसारखं मौन आपल्याला नसतं, कामापुरतं बोलता येतं; पण नवरा पलीकडच्या अंगाला काय करतोय हे बघायला जाता येत नाही. आणि इतक्या वर्षांच्या संसारात आपण कामं वाटून घेतलेली असतात. आमचे सर तिकिटं, कागदपत्रं, एटीएमचा पिन सांभाळणार. त्यांची साखरेची गोळी कोणती नि कधी, ते मला माहीत. केंद्राच्या फाटकात ही वाटणी मोडते, आणि ती मोडली हे पहिले दोन दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.

कारण सवड कुठे असते? पहाटे चारला घंटा. साडेसहाला नाश्ता, अकराला जेवण, पाचला चहा. आठ, अडीच आणि सहा या तिन्ही वेळच्या सामूहिक साधनेला सेवकांनीही बसायचं असतं. म्हणजे स्वयंपाक, भांडी, झाडलोट सगळं त्यांच्या मधल्या फटीत बसवायचं. सातला प्रवचन लागतं. नऊनंतर आचार्यांसमोर मैत्री, म्हणजे सगळ्यांसाठी मंगल कामना होते, मग पाठ टेकायची. आम्ही दोघं नेपाळात सेवेला गेलो, तेव्हा माझ्याकडे महिला विभागाची व्यवस्था होती. कुणाला गरम पाणी हवं, कुणाच्या खोलीचं दार लागेना, कुणाला घरी जायचं म्हणून रडू फुटलेलं. पहाडातून आलेल्या एका म्हातारीला माझी हिंदी कळेना, मला तिची नेपाळी. तिचा हात धरून तिला सभागृहात नेऊन बसवायची, एवढंच आमचं संभाषण. सर स्वयंपाकघरात. भोपळे चिरता चिरता निलंगा राइसवर वाढलेल्या जिभेला तिथलं बेताच्या तिखटाचं जेवण रुचवून घेत होते.

चौथ्या दिवशी दुपारी विपश्यना देतात, तेव्हा बैठक दोनेक तास चालते. त्या दिवशी सरांची साखर उतरली. जेवण अकरा-साडेअकराला, गोळी नेहमीची, आणि घरी दुपारी चहासोबत जे काही तोंडात पडतं ते इथं नाही. घाम सुटला, हात कापायला लागले. शेजारच्या सेवकाने ओळखलं आणि साखरपाणी दिलं, म्हणून निभावलं. मला निरोप मिळाला तो संध्याकाळच्या चहानंतर. तोवर ते पुन्हा भांड्यांना लागलेले.

म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला मी आधी गोळ्यांचं सांगते. दोघांच्या दोन डब्या करा, आणि ज्याने त्याने आपल्या गोळ्या निघायच्या आधी आठवडाभर घरीच स्वतःच्या हाताने काढून घ्याव्यात. गोळी जेवणाआधी की नंतर, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं पाहिजे. तिथल्या वेळापत्रकाचा कागद आपल्या डॉक्टरांना दाखवा. खाण्याच्या वेळा सरकल्या की गोळीचं काय करायचं, ते त्यांनीच ठरवावं. औषधाचं कंपनीचं नाव नको, मूळ नाव लिहून घ्या. दुखणं अर्जात लिहा आणि पोचल्यावर व्यवस्थापकाला तोंडीही सांगा. नेमकं इथं आपली माणसं चुकतात. सेवेला आलोय नि दुखणी काय सांगायची, असा एक ताठा असतो. गुडघे धरत असतील तर सांगून खुर्ची मागून घ्या, कुणी कमी लेखत नाही.

कागद नि पैसेही वेगवेगळे. नेपाळला भारतीयांना व्हिसा लागत नाही, पण ओळखपत्राचा नियम आहे. विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र हवं. आधार कार्ड चालतं ते पासष्टीच्या पुढच्यांना. म्हणजे नवरा सदुसष्टचा नि बायको बासष्टची असेल, तर त्याचं आधारवर भागेल, तिचं अडेल. बसने सोनौलीवरून गेलात तरी हेच कागद जवळ ठेवा. आपले 100 रुपये म्हणजे तिथले 160, हा दर ठरलेला आहे. मोठ्या नोटांचे नियम मात्र बदलत आलेत. शंभराच्या नोटा घ्या आणि दोघांच्या पिशवीत निम्म्या-निम्म्या ठेवा. आपलं सिमकार्ड रोमिंगशिवाय तिथं मुकं होतं, मग बँकेचा ओटीपी येत नाही.

पहिलीच सेवा परदेशात नको. विपश्यना आपल्याकडेही आहेच: ती शिकवणाऱ्या गोयंका गुरुजींनी 1969 साली भारतात येऊन पहिलं शिबिर मुंबईत घेतलं, 1976 साली इगतपुरीला धम्मगिरीची सुरुवात झाली. वेळापत्रक तिथंही हेच. एका शिबिरात आधी इकडेच सेवा देऊन बघा. काही अडलंच तर लातूरची गाडी तरी धरता येते. नेपाळातून गोरखपूर, तिथून मुंबई, मग लातूर, मग एसटीने निलंगा, हा प्रवास आजारी माणसाला घेऊन करायचा नाही. बरे असाल तरी शिबिर संपलं त्याच दिवसाचं आरक्षण करू नका. अकराव्या दिवशी सकाळी साधक निघून जातात. गाद्या, पातेली नि संडास सेवकांसाठी मागे राहतात.

आणि नोव्हेंबर टाळा. नेपाळच्या तराईत पुढे धुकं नि थंडी वाढत जाते, ते सोसेल. पण पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला त्याच महिन्यात द्यायचा असतो, तो चुकला की पेन्शन अडकते. आता जीवन प्रमाणवर मोबाइलमधून चेहरा दाखवूनही तो देता येतो म्हणा, पण शिबिरात मोबाइल बाजूलाच ठेवलेला असतो. जायचंच असेल तर निघण्याआधी दाखला देऊन पोच घ्या. दोघांनाही पेन्शन असेल तर दोघांची.