लाल टिकली लागण्याआधी

जहांगीर आर्ट गॅलरीची तारीख लागली म्हणजे तुझ्या हातात आता जेमतेम वर्ष आहे. कौतुक उद्घाटनाच्या दिवशी करीन, त्याआधी कामाचं ऐक. यातलं निम्मं मला आमच्या सरांनी सांगितलं, त्यांना त्यांच्या सरांनी. उरलेलं फ्रेमवाले, टेंपोवाले आणि गॅलरीतले शिपाई यांच्याकडून शिकले, आणि खरं सांगायचं तर तेच जास्त उपयोगी पडलं.

एक गोष्ट मनाशी पक्की धर. चित्र विकलं गेलं की तू त्याच्या शेजारी नसणार. ते ढिलं पडलं, तडकलं, कुणी उलटं टांगलं, वीस वर्षांनी कुणी विचारलं की हे कुणाचं, तर उत्तर देणारं तिथे दुसरं कुणी नसतं. सगळी तजवीज आपण रंगवतो त्या गाळ्यातच करून द्यायची असते. माझं बाकीचं सांगणं त्यातूनच येतं.

आधी उजेड. भांडुपच्या गाळ्याला उत्तरेची खिडकी आहे म्हणून तू खूश आहेस. उत्तरेचा उजेड दिवसभर एकसारखा राहतो, हे आपण विलायती पुस्तकांतून उचललेलं. ती पुस्तकं लिहिणारे बसले होते लंडन-पॅरिसला, मुंबई बसली आहे एकोणिसाव्या अक्षांशावर. मेच्या मध्याला आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो आणि तिथून जुलैच्या शेवटापर्यंत भर दुपारचा सूर्यसुद्धा किंचित उत्तरेकडेच असतो. त्या दिवसांत तो उगवतो आणि मावळतो तोही उत्तरेला कलून. म्हणजे ऐन उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ तुझ्या त्या लाडक्या खिडकीतून ऊन थेट कॅनव्हासवर येणार. खिडकीला पांढऱ्या मांजरपाटाचा पडदा लाव, रंगीत नको. पडदा निळा असला तर तू नकळत चित्रात पिवळा वाढवत बसशील.

रात्री काम करणार असशील तर दिवा चांगला घे. खोक्यावर सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतील त्याचा आकडा, लिहिलेला असतो, तो 90 च्या वरचा बघ. आणि गॅलरीतले स्पॉट बहुधा पिवळसर असतात हे विसरू नकोस. तुझ्या निळ्या-करड्या मालिकेतलं एखादं चित्र घरच्या पिवळ्या दिव्याखाली धरून बघ, निळा किती मरतो ते कळेल. तिथे भिंतीवर लावल्यावर कळून उपयोग नाही.

गाळ्यावर रोज जा. रंगवायची इच्छा नसली तरी जा. कॅनव्हास ताण, जुनी चित्रं झटक, वहीत काहीतरी लिही. चित्रकार बरव्यांच्या डायऱ्या कधी बघायला मिळाल्या तर बघ, आणि त्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक तर घरात असायलाच हवं. चित्राआधीचा विचार कसा टिपून ठेवायचा ते त्यात दिसतं. गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत, हे सगळे आळशी चित्रकार आवडीने सांगतात. ते उरलेला वेळ त्याच चित्रांचा विचार करत, हे मात्र सांगत नाहीत.

नोकरीचं म्हणशील तर सोडू नकोस, इतक्यात तरी. बरवे विणकर सेवा केंद्रात नोकरी करत होते. दीनानाथ दलालांनी मुखपृष्ठांवर मुखपृष्ठं केली, 1945 साली स्वतःचा ‘दीपावली’ अंक काढला. घरभाड्याची काळजी असली की हात विकाऊ रंगांकडे वळतो, आणि ते बघणाऱ्याला लगेच कळतं.

आता कॅनव्हास. यावर मी जरा लांबण लावणार आहे, कारण तुमच्या पिढीचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथेच आहे. तयार कॅनव्हास आणतेस ना, त्याची मागची लाकडी चौकट हाताने चाचपून बघ. पट्टीचा आतला काठ उतरता तासलेला असायला हवा. तो सपाट असला तर लाकूड कापडाला टेकतं आणि वर्षभरात चारही बाजूंनी आत दोन इंचांवर एक सरळ रेघ उमटते. ती रेघ एकदा आली की जात नाही. मोठ्या चित्रांना सुताराकडून चौकट करून घे, लाकूड नीट सुकलेलं माग, आणि चारही कोपऱ्यांत पाचरींची सोय ठेवायला सांग. पावसाळ्यात कापड ढिलं पडलं तर पाचर हलकेच ठोकून ते ताणता येतं. बरेच जण मागून पाणी शिंपडून ताणतात. तसलं काही करू नकोस.

ताणताना मधून कडेकडे जायचं. एका बाजूच्या मध्यावर एक पिन, मग समोरच्या बाजूच्या मध्यावर, मग उरलेल्या दोन, तिथून कोपऱ्यांकडे. कोपऱ्यापासून सुरुवात केलीस तर सुरकुती मध्यावर येऊन बसते. प्रायमरचे दोन-तीन हात, प्रत्येक हात वाळला की बारीक पॉलिश पेपर. बोटाच्या टिचकीला ढोलकीसारखा आवाज आला की झालं.

तेलरंगात खाली पातळ, वर तेलकट, हा क्रम मोडायचा नाही. खालच्या थरात टर्पेंटाइन जास्त, वर येशील तसं जवसाचं तेल वाढत जाईल. उलटं केलंस तर वरचा थर आधी वाळतो, खालचा मागाहून आकसतो आणि चित्राला भेगा पडतात. अ‍ॅक्रिलिकवर तेलरंग चालतो, तेलरंगावर अ‍ॅक्रिलिक कधीच नाही. रंगाच्या ट्यूबवर टिकाऊपणाची खूण असते ती वाच. अलिझरीन क्रिमझन काय सुंदर दिसतो, पण खरा अलिझरीन पातळ थरात उजेडाने उडतो. विकत घेणाऱ्याने पैसे त्या लाल रंगाचे दिलेले असतात.

शेवटचं व्हर्निश चित्र पूर्ण वाळल्यावर, म्हणजे रंग जाड असेल तर सहा महिने ते वर्ष. म्हणूनच तुला म्हटलं, हातात जेमतेम वर्ष आहे. मोठी तेलचित्रं दिवाळीच्या आत संपव. शेवटच्या महिन्यात सुचलेलं चित्र पुढच्या प्रदर्शनाला ठेव. फारच मोह झाला तर ते कागदावर कर.

आणि जवसाच्या तेलाच्या चिंध्या कोपऱ्यात ढीग करून ठेवू नकोस. तेल वाळताना गरम होतं आणि ढीग आतून आपोआप पेट घेऊ शकतो, काडी लागत नाही. एकेक चिंधी पसरून वाळव, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाक. ब्रशचं टोक तोंडात धरून बारीक करायची सवय असेल तर मोड. कॅडमियमचे रंग आहेत ते, बडीशेप नव्हे.

पावसाळ्यात चित्रं जमिनीवर आणि बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवायची नाहीत. खाली लाकडी पट्ट्या टाक, भिंतीपासून वीतभर अंतर सोड, आणि तोंडाला तोंड, पाठीला पाठ अशी उभी लाव. प्लॅस्टिकमध्ये गच्च गुंडाळलीस तर ओल आतच कोंडते आणि बुरशी मागून सुरू होते. कागदावरच्या कामांचं तर विचारूच नकोस, त्यांना कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेव आणि पुड्या वेळोवेळी बदल.

प्रत्येक चित्राच्या मागे नाव, शीर्षक, माप, माध्यम, वर्ष आणि वर कुठली बाजू त्याचा बाण. लिहायचं लाकडी चौकटीवर, पेन्सिलीने. कापडावर मार्करने लिहिलंस तर शाई कधी ना कधी पुढे येते. तोच क्रमांक वहीत, आणि चित्राचा नीट फोटो सपाट उजेडात. ही वही गाळ्यात नको, घरी ठेव.

निवड करताना निर्दय हो. चित्र आरशात बघ, उलटं करून बघ, आठवडाभर भिंतीकडे तोंड करून ठेव आणि मग बघ. ज्या चित्राबद्दल तुला तोंडाने समजावून सांगावंसं वाटतं ते बाजूला काढ. दालनाची मापं आधी आण, कागदावर भिंती काढ आणि चित्रांचे छोटे तुकडे कापून त्यावर हलवत बस. आमच्या सरांचा नियम होता की पंधरा चित्रांची जागा असेल तर बारा लावायची. नवे लोक नेमके अठरा लावतात.

टांगण्याचं गणित सोपं आहे, पण ऐन वेळी शिडीवर कुणालाच सुचत नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून 58 इंचांवर धर. समज चित्र 36 इंच उंच आहे. त्याची वरची कड येणार 58 अधिक 18, म्हणजे 76 वर. आता मागची तार मधोमध बोटाने वर ओढ आणि ती वरच्या कडेपासून किती खाली राहते ते मोज. चार इंच आली तर हूक 72 वर. सगळ्या चित्रांचे हे आकडे घरीच काढून प्रत्येकाच्या मागे चिकटव. गवंड्याची पाणसळ बरोबर ने. डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस, तिथल्या लाद्या आणि छत दोन्ही फसवतात.

नेताना बबल रॅप थेट रंगावर नको, त्याचे फुगे रंगावर उठतात, विशेषतः अ‍ॅक्रिलिकवर. आधी बटर पेपर, मग रॅप, कोपऱ्यांना पुठ्ठा. मोठा कॅनव्हास गुंडाळायचीच वेळ आली तर रंगाची बाजू बाहेर. आत ठेवलीस तर रंग दबतो आणि उलगडताना तडकतो. टेंपोत चित्रं उभी, आडवी रचायची नाहीत. आणि तू टेंपोतच बस, मागून रिक्षाने येऊ नकोस.

किंमत. एकाच मापाच्या दोन चित्रांना दोन भाव ठेवू नकोस, तुझं स्वतःचं आवडतं असलं तरी. चौरस इंचावर दर लावतात काही जण, पण तो हिशेब फसवा आहे. तीस रुपये दराने 12 बाय 12 चं चित्र 4,320 ला जातं आणि 48 बाय 60 चं 86,400 ला. छोटं फुकट, मोठं कुणी घेत नाही. त्यापेक्षा लांबी आणि रुंदी यांची बेरीज कर आणि त्यावर दर लाव. 450 धरलास तर छोटं 10,800 आणि मोठं 48,600. आता दोन्ही भाव तोंडाने सांगता येतात. दर वर्षाला थोडा वाढव, पण खाली कधी आणू नकोस. पहिल्या गिऱ्हाइकाचा तो अपमान असतो.

जहांगीरमध्ये तू भाडं देऊन बसणार, विक्री तुझी तूच करणार. पुढे एखादी खासगी गॅलरी बोलावेल. ती तिसरा हिस्सा घेईल, काही निम्माही घेतात. ते योग्य की अयोग्य यावर चहा पिताना भांडू, पण एक पाळ: भिंतीवरचा भाव आणि गाळ्यावरचा भाव एकच. गॅलरीत चित्र बघून ‘स्टुडिओत कमी कराल ना’ म्हणत येणारे भेटतील. त्यांना चहा दे, भाव तोच सांग. चित्रं सोपवताना यादी करून दोन्ही बाजूंच्या सह्या घे. वाहतूक कुणाची, विमा कुणाचा, विकल्यावर पैसे किती दिवसांत, न विकलेली परत कधी, हे सगळं लेखी. माझ्या ओळखीतल्या एकीची चित्रं अशीच तोंडी बोलीवर एका दालनात गेली आणि मालक बदलल्यावर ती कुणाची हेच सिद्ध होईना.

चित्र विकलं म्हणजे कॉपीराइट विकला असं होत नाही. 1957 च्या कायद्याप्रमाणे, लेखी देऊन टाकला नसेल तर तो तुझाच. त्यामुळे तुझं चित्र विकत घेणाऱ्याने ते कॅलेंडरवर छापलं तर तू विचारू शकतेस. अपवाद लक्षात ठेव: कुणी पैसे देऊन मुद्दाम काढून घेतलेलं चित्र किंवा पोर्ट्रेट असेल आणि करारात वेगळं लिहिलेलं नसेल, तर तो हक्क काढून घेणाऱ्याचा. पोर्ट्रेटची ऑर्डर घेताना म्हणून चार ओळी लिहून घ्यायच्या.

उद्घाटनाबद्दल फार सांगत नाही. समई विसरू नकोस, भाषणं दोनच ठेव, पाहुणा वेळेवर येणारा निवड.

खरं काम दुसऱ्या दिवशीपासून. मंगळवार ते सोमवार, सकाळी अकरा ते संध्याकाळी सात, दालनात तूच बस. तिथलं समोवार कॅफे होतं तेव्हा चित्रकार तिथेच जास्त आणि आपल्या प्रदर्शनात कमी दिसायचे. 2015 साली ते बंद झालं. चहाच्या दृष्टीने वाईट झालं, विक्रीच्या दृष्टीने बरं. बघणारा आत आला की अंगावर जाऊ नकोस. एखाद्या चित्रासमोर तो दुसऱ्यांदा परत आला तर उठून उभी राहा, एवढंच. ‘यातून काय सांगायचंय’ विचारलं तर रंग कुठला, कापड कुठलं, किती दिवस चाललं, असं बोल. मोबाइलवर बोटं फिरवत बसलेल्या चित्रकाराला कुणी काही विचारत नाही. काळाघोडा महोत्सवाचे दिवस आले तर गर्दी प्रचंड होईल, सेल्फी होतील, अभिप्रायाची वही भरेल. विक्री होईल असं धरून चालू नकोस. बाहेर फुटपाथवर बसणाऱ्या चित्रकारांशी ओळख कर, कुठला माणूस खरंच घेतो आणि कुठला दर आठवड्याला भाव विचारून जातो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं.

चित्र विकल्याची लाल टिकली पैसे किंवा निदान निम्मी उचल हातात आल्यावरच लावायची. ‘ठेवा माझ्यासाठी’ म्हणणाऱ्याला दोन दिवसांची मुदत दे आणि तसं तोंडावर सांग. ओळखीच्यांच्या नावाने खोट्या टिकल्या लावणारे आहेत. शिपायांना त्या सगळ्या पाठ असतात, आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांनाही.

सोमवारी सात वाजता उतरवायला सुरुवात, तेव्हा माणसं आधीच ठरवून ठेव. यादीवर खूण करत एकेक चित्र उतरव. विकलेलं चित्र पोचवताना बिलाबरोबर एक चिठ्ठी दे: थेट ऊन नको, न्हाणीघराच्या मागच्या भिंतीवर नको, ओल्या फडक्याने पुसायचं नाही, व्हर्निश बाकी असेल तर अमुक महिन्यात मी स्वतः येऊन लावीन. तारीख तुझ्या वहीत टाक आणि त्या महिन्यात खरंच जा. त्यांच्या घरात आणखी कुठली भिंत रिकामी आहे तेही दिसेल.