सरळसोट वडाला वळण

प्रश्न : कुंडीतल्या वडाचं खोड करंगळीएवढं जाड, पण काठीसारखं सरळ आहे. आता वळेल का? (एक वाचक, मांजरी)

उत्तर : वळेल. तुमच्या मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रात वेली तारेवर चढवतात. इथे तारच झाडावर चढवायची! आदल्या दिवशी पाणी तोडा, खोड नरमतं. भिजवलेली सुतळी गुंडाळून वरून 4 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार 45 अंशांत चढवा; टोक मातीत खोल रोवा. वळणाच्या बाहेरच्या अंगाला तारेचा वेढा हवाच, साल फाटते ती तिथेच. अंगठे आतून टेकवून सावकाश वाकवा. ‘कट्’ ऐकू आलं की थांबा. चीक गळला तर घाबरू नका. पावसाळ्यात खोड झपाट्याने फुगतं. तार रुतू लागताच तुकडे करून काढा, उलगडत बसू नका.