झाडीतील गड

पुण्याच्या नैर्ऋत्येस सुमारे तीस किलोमीटरांवर सिंहगड उभा आहे. आकाश स्वच्छ असले, म्हणजे शहरातील एखाद्या उंच गच्चीवरूनही त्याचा माथा व त्यावरील दूरदर्शनचा मनोरा ओळखू येतो. पावसाळ्यातील रविवारी गडावर जत्रेसारखी गर्दी लोटते. आलेली मंडळी पुणे दरवाजातून आत शिरतात, तानाजी मालुसऱ्यांच्या समाधीपुढे हात जोडतात, पिठले-भाकरी खातात, देवटाक्याचे गार पाणी पितात आणि उन्हे कलण्यापूर्वी परत फिरतात. जाताना त्यांतील कित्येक जण म्हणतात, ''गडावर आता पाहण्यासारखे फारसे काही उरले नाही.''

वाडे उरले नाहीत, हे खरे. तटही पुष्कळ ठिकाणी ढासळला आहे. परंतु गड म्हणजे केवळ वाडे आणि तट नव्हे.

इंग्लंडच्या दक्षिणेस डॉर्सेट परगण्यात मेडन कॅसल या नावाचा एक प्राचीन डोंगरी किल्ला आहे. तेथे ना बुरूज, ना दरवाजा. दिसतात ते एकामागे एक असे मातीचे प्रचंड बांध व त्यांच्यामधील खोल चर, आणि त्या सर्वांवर हिरवे गवत. तेथील डोंगर खडूचा, म्हणजे मऊ दगडाचा. दोन हजार वर्षांहूनही पूर्वी तेथील लोकांनी तो खणला, निघालेली माती चराच्या काठाशी रचली आणि डोंगरालाच तटाचे रूप दिले. १९३४ ते १९३७ या काळात मॉर्टिमर व्हीलर या पुरातत्त्वज्ञाने हे बांध आडवे छेदून त्यांतील मातीचे थर वाचले. हेच व्हीलर १९४४ मध्ये भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख झाले. मातीचे असे कोट आपल्याकडेही होते. भंडारा जिल्ह्यात वैनगंगेच्या काठी पवनी येथे प्राचीन नगराभोवतीचा मातीचा उंच तट व खंदक आजही पाहावयास मिळतो.

मग सह्याद्रीच्या माथ्यावर असे मातीचे बांध का आढळत नाहीत? याचे उत्तर डोंगराच्या घडणीत आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून तप्त रस पुनःपुन्हा वर आला व थरावर थर देऊन थिजला. त्यांतील काही थर अतिशय कठीण, तर काही ठिसूळ. ठिसूळ थर पावसाने झिजून त्यांचे उतार झाले. कठीण थर मात्र भिंतीसारखे ताठ उभे राहिले. ज्याला आपण कडा म्हणतो, तो हाच. जेथे निसर्गानेच भिंत घातलेली, तेथे माणसाने माती कशासाठी रचावी? त्याने एवढेच केले, की जेथे कडा अपुरा पडला तेथे तो तासून अधिक ताठ केला, आणि जेथे घळ वा उतार होता तेवढ्याच ठिकाणी तट बांधला. म्हणून सिंहगडाला सलग तटाचे कडे नाही. तट कोठे आहे व कोठे नाही, हे पाहत गेले तर शत्रूचे भय कोणत्या बाजूने होते, हे आपोआप कळते.

कड्याखालच्या उतारावर माती साचते, मातीत झाडी वाढते. ही झाडी म्हणजे रिकाम्या जागेत आपसूक माजलेले रान, असा आपला समज असतो. पूर्वीच्या जाणत्या माणसांचा तो नव्हता. रामचंद्रपंत अमात्य यांनी १७१५ च्या सुमारास 'आज्ञापत्र' या नावाचा राजनीतीचा ग्रंथ सिद्ध केला. त्यातील दुर्गांविषयीच्या प्रकरणात त्यांनी गडाभोवतालच्या झाडीला गडाचे रक्षणच मानले आहे. या झाडीला ते कलारग्याची झाडी म्हणतात. ती यत्नपूर्वक वाढवावी, तिच्यातून काडीही कोणाला नेऊ देऊ नये, आणि बिकट प्रसंग आला तर बंदूकधारी शिपाई तिच्यात दडवता यावेत, असा त्यांचा कटाक्ष आहे. दरवाजा कसा असावा, याविषयीही त्यांचे मत असेच नेमके आहे : तो खालून नजरेस पडू नये, पुढे बुरूज येऊन तो झाकला जावा. गडाखालचा हा सारा प्रदेश म्हणजे गडाचा घेरा. घेऱ्यात ठिकठिकाणी मेटे, म्हणजे पहाऱ्याच्या चौक्या असत. सिंहगडाच्या पायथ्याच्या गावाला आजही 'घेरा सिंहगड' असेच नाव आहे!

अतकरवाडीकडून पायवाटेने चढणाऱ्यास अमात्यांच्या म्हणण्याचा अर्थ पायांनीच समजतो. करवंदीच्या जाळ्या, कारवीचे दाट रान, आणि त्यांतून वळणे घेत जाणारी वाट. दम लागतो, घाम फुटतो, पण दरवाजा काही दिसत नाही. अखेरीस तो समोर येतो तेव्हा माणूस अगदी त्याच्या तोंडाशी आलेला असतो. आणि त्याच्यामागे दुसरा, दुसऱ्यामागे तिसरा. खांद्यावर शस्त्र घेऊन, वरून येणारे दगड चुकवीत हीच वाट चढणे कसे असेल, याची कल्पना प्रत्येकाने करून पाहावी.

या गडाचे जुने नाव कोंढाणा. (तानाजींच्या मृत्यूनंतर त्याला सिंहगड म्हणू लागले, असे सांगतात, परंतु १६६३ मधील शिवाजी महाराजांच्या पत्रातच 'सिंहगड' हे नाव आलेले आहे.) १३२८ च्या सुमारास दिल्लीच्या महंमद तुघलकाने या गडाला वेढा घातला. तेव्हा येथे नागनायक नावाचा कोळी सरदार होता. त्याने सुमारे आठ महिने दिल्लीच्या सैन्याला दाद दिली नाही. आठ महिने! एवढा काळ गडावरील माणसांनी पाणी कोठून आणले असेल? त्याचे उत्तर गडाच्या माथ्यावरच आहे. तेथे कातळात खोदलेली अनेक टाकी आहेत. पावसाचे पाणी त्यांत उतरे, काहींना पाझरही असत. शिवाय टाके खोदताना जो दगड निघे, तोच तटाला व घरांच्या जोत्यांना लागे. एका घावात पाणी आणि चिरा दोन्ही मिळवणारे ते पाथरवट किती हिशेबी असले पाहिजेत!

कड्यावर मात्र कोणी फाजील विश्वास टाकू नये. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री मावळे जेथून वर आले, ती बाजू दरवाजाची नव्हती. ती कड्याची होती. घोरपडीची कथा लोकांना फार प्रिय आहे. परंतु १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तेथे वानराच्या चपळाईने कडा चढून जाणारे दोन मावळे आहेत, आणि त्यांनी वरून लावलेली शिडी आहे. ज्या भिंतीवर पहारा ठेवण्याची गरज नाही असे उदयभानाच्या लोकांना वाटले असेल, तीच भिंत त्या रात्री वाट झाली. तानाजी पडले, उदयभान पडला, गड स्वराज्यात आला.

पुढे १८१८ मध्ये इंग्रजांच्या सैन्याने गडावर तोफांचा भडिमार केला व २ मार्च रोजी गड त्यांच्या हाती गेला. तोफेच्या गोळ्याला ना झाडी अडवीत होती, ना कडा. त्यानंतर गडाचे लष्करी महत्त्व संपले. शिबंदी गेली. छपरे खचली, भिंती ओघळून मातीला मिळाल्या आणि त्या मातीवर गवत उगवले.

आज गडाचा नाश होतो आहे तो तोफांनी नव्हे. वळणाची वाट सोडून लोक सरळ उतारावरून धावतात. पावलांनी गवत मरते, उघड्या पडलेल्या मातीतून पावसाचे पाणी घळ पाडते आणि दोन-चार पावसाळ्यांत वरचे जोते खाली येते. चिऱ्यांच्या सांध्यात पिंपळाचे रोप रुजते. त्याचे मूळ बोटाएवढे होते, मग मनगटाएवढे, आणि चिरा निखळतो. टाक्यांत गाळ साचतो, बाटल्या तरंगतात. गडावर केरकचरा पडू देऊ नये, तो खालीही टाकू नये, जागच्या जागी जाळून त्याची राख परसात घालावी व तिच्यावर भाजीपाला करावा, हेही अमात्यांनी तीनशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले होते. त्यांच्या काळी प्लॅस्टिक नव्हते, त्यामुळे जाळण्याचा त्यांचा उपाय आज चालणार नाही; पण कचरा कड्यावरून खाली लोटणारी माणसे त्यांनाही ठाऊक असावीत.

गड वाचायचा तर पावसाळ्यात जाऊ नये. तेव्हा गवत कमरेइतके असते व धुक्यात दहा पावलांपलीकडचे दिसत नाही. मार्गशीर्ष-पौषात गवत वाळून आडवे पडते. त्या दिवसांत संध्याकाळी, सूर्य तोरण्याच्या बाजूला कलला असताना, माथ्यावरील मोकळ्या जागी उभे राहावे. दुपारी जेथे नुसते माळरान दिसत होते, तेथे तिरप्या उन्हात जमिनीचा प्रत्येक उंचवटा आपली सावली टाकू लागतो. एक सरळ रेघ उमटते, तिला काटकोनात दुसरी मिळते. तिसऱ्या रेघेत मध्येच एक हातभर फट असते. ते घर असते, आणि ती फट म्हणजे त्याचे दार.