अंधारात कयाक दिसावी कशी?

प्रश्न : आम्ही मित्र तारकर्लीजवळ कर्ली खाडीत पहाटे अंधारातच कयाक काढतो. त्याच वेळी मच्छीमारांच्या इंजिनाच्या होड्या समुद्राकडे निघतात. कपाळावरचा हेडलॅम्प पुरेसा आहे का?
– एक वाचक, मालवण

उत्तर : नाही. मान वळली की हेडलॅम्पचा उजेडही वळतो, त्यामुळे मागून येणाऱ्या होडीला तुम्ही दिसतच नाही. समुद्रावरील टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांपैकी २५ वा नियम वल्ह्याच्या नावेला सूट देतो, पण पांढरा उजेड देणारी टॉर्च हाताशी हवी आणि ती वेळेत दाखवायला हवी.

माझा आग्रह याहून थोडा जास्त आहे. चहूबाजूंनी दिसणारा पांढरा दिवा तुमच्या पाठीमागे, डोक्याहून उंच दांडीवर लावा. समोर लावलात तर तुमचेच डोळे दिपतील. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. लुकलुकणारा दिवा रोजच्या वापरात नको, तो संकटाची खूण समजला जाऊ शकतो. वल्ह्याच्या दोन्ही पात्यांवर, लाईफ जॅकेटच्या खांद्यांवर रिफ्लेक्टिव्ह टेप चिकटवा. पाती वरखाली होताना ती चमकते आणि नजर तिकडे जाते. मात्र समोरून उजेड पडला तरच. म्हणून टेप हा दिव्याला पर्याय नाही.

काठावरच्या दिव्यांच्या गर्दीत तुमचा दिवा हरवतो, हेही ध्यानात ठेवा. होड्यांची वाट एकत्र राहून, काटकोनात, झटपट ओलांडा. शिटी गळ्यात असू द्या. आणि होडीवाल्याने तुम्हाला पाहिले आहे, असे कधीही गृहीत धरू नका.