गाडीतला पिवळा दिवा : महाड-पोलादपूरहून नव्याने आलेल्यांसाठी

महाड, बिरवाडी, पोलादपूर भागातून अमेरिकेत किंवा कॅनडात नव्याने आलेल्यांचे फोन थंडीच्या तोंडावर हमखास येतात. जुनी गाडी नुकतीच घेतलेली असते. सकाळी ती चालू केली की काट्यांजवळ घोड्याच्या नालासारखी पिवळी आकृती दिसते, तिच्या पोटात उद्गारचिन्ह. टायर तर बघायला ठीक दिसतात. मग कुणी महिनाभर तशीच गाडी चालवतो, तर कुणी घाबरून टायरमधले हवा मोजणारे चारही सेन्सर बदलून काही शे डॉलर घालवून बसतो. दोन्ही टाळता येतं. इथे बरीच वर्षं राहिलेल्या आपल्याकडच्या कुटुंबांनी जे सांगितलं, ते इथे एकत्र केलं आहे.

गावी टायरची हवा आपण पंक्चरवाल्यावर सोपवलेली असते. कशेडी घाटाआधी किंवा आंबेनळीने महाबळेश्वरला निघण्याआधी गाडी त्याच्यासमोर उभी करायची, तो चारही टायर बघतो, काम झालं. इथे ते बघणारं कुणी नाही. पंपावर हवा आपली आपणच भरायची. म्हणून हवा कमी झाल्याचं सांगायला गाडीतच हा पिवळा दिवा असतो. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांवरचे फायरस्टोन टायर फुटून अनेक माणसं दगावली, तेव्हा अमेरिकेने २००० साली कायदा केला आणि सप्टेंबर २००७ पासून प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा सक्तीचा झाला. कॅनडात तशी सक्ती नाही. तिथे जुनी गाडी घेताना ही यंत्रणा आहे की नाही, ते आधी विचारा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही की दिवा दोन वेगळ्या तऱ्हांनी लागतो. गाडी चालू केल्यावर सगळेच दिवे दोन-तीन सेकंद लागतात, ते सोडून द्या. हा पिवळा दिवा लागून स्थिर राहिला, तर एखाद्या टायरमध्ये हवा कमी आहे. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे ठरलेल्या दाबापेक्षा २५ टक्के कमी झाली की तो लागायलाच हवा. पण आधी मिनिट-दीड मिनिट उघडझाप करून मग स्थिर झाला, तर हवेचा नाही, यंत्रणेचा दोष आहे. एवढं पाहून ठेवलं तरी गॅरेजवाल्याशी निम्मं बोलणं वाचतं.

स्थिर दिव्याचं सर्वांत साधं कारण थंडी. महाडात थंडी म्हणजे पहाटे स्वेटर. इथे पारा शून्याच्या खाली जातो. तापमान साडेपाच अंश सेल्सियसने उतरलं की टायरमधला दाब साधारण एक पीएसआयने (हे हवेच्या दाबाचं इथलं माप) उतरतो. सप्टेंबरात २५ अंशांत ३२ भरलेला टायर उणे ५ अंशांत २६-२७ वर येतो. शिवाय रबरातून महिन्याला एखादा पीएसआय तसाही जातो. डिसेंबरात तो २४ च्या खाली गेला आणि दिवा लागला, तर काहीही बिघडलेलं नसतं, हवा भरायची असते. दुपारी ऊन पडल्यावर दिवा आपोआप विझला, तरी हवा भरा. कमी हवेचा टायर बाजूने दुमडत फिरतो, तापतो, आणि हायवेच्या वेगात फुटू शकतो.

मोजणी सकाळी, गाडी हलवण्याआधी करा. किती भरायचं ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतं. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा आहे, तो धरून भरू नका. ही चूक नवखे वारंवार करतात. कॅनडात किलोपास्कल दिसतील : २२० म्हणजे ३२ पीएसआय. लांबून आल्यावर गरम टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो, म्हणून हवा सोडायची नाही. कॅलिफोर्नियात पेट्रोल भरणाऱ्याला पंपावर हवा फुकट देणं कायद्याने बंधनकारक आहे, हक्काने मागा.

चारांपैकी एकच टायर दर आठवड्याला उतरत असेल, तर तो थंडीचा दोष नव्हे. खिळा, व्हॉल्वची गळती किंवा रिमच्या कडेचा गंज. व्हॉल्ववर आणि कडेवर साबणाचं पाणी सोडा, बुडबुडे जागा दाखवतात. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत सेन्सरच्या ॲल्युमिनियम व्हॉल्ववर पितळी शोभेची टोपणं बसवू नका. ती गंजून चिकटतात, काढताना व्हॉल्व तुटतो आणि त्याच्याबरोबर सेन्सरही जातो. साधं प्लॅस्टिकचं टोपण पुरे.

उघडझाप करणारा दिवा वेगळा शोध मागतो. बहुतेक गाड्यांत प्रत्येक व्हॉल्वला आतून छोटा सेन्सर असतो, त्यातली बॅटरी पाच ते दहा वर्षं चालते आणि ती वेगळी बदलता येत नाही. आठ-नऊ वर्षांची गाडी असेल तर पहिला संशय तिथेच घ्या. नुकतेच टायर बदलले असतील, तर बसवताना सेन्सर तुटला का, की गाडीला त्याची नव्याने ओळख करून द्यायची राहिली, ते विचारा. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. अनेकांकडे त्यासाठी वेगळ्या रिम असतात आणि त्यांत सेन्सर नसतात. तिथे दिवा लुकलुकणारच, फक्त मग हवा हाताने मोजत राहायची. पंक्चर बंद करणारा फवारा मारला असेल तर त्यानेही सेन्सर बुजू शकतो. काही मोठ्या गाड्यांच्या स्टेपनीतही सेन्सर असतो, तो सगळ्यांच्याच लक्षातून सुटतो.

पैसे देण्याआधी एक मागणी करा : टायरवाल्याकडे हातात धरायचं यंत्र असतं, त्याने चारही सेन्सर वाचून दाखवा म्हणायचं. जो बोलत नाही तोच बदलायचा. बाकीचेही तेवढेच जुने असतील आणि टायर उतरवायचेच असतील, तर मात्र सगळे एकदम बदलणं स्वस्त पडतं. गावाहून किंवा इंग्लंडहून येणाऱ्या पाहुण्याबरोबर सेन्सर मागवू नका. अमेरिकेतले बरेचसे ३१५ मेगाहर्ट्झवर बोलतात, भारत-युरोपातले ४३३ वर.

काही गाड्यांत सेन्सरच नसतात. ब्रेकच्या एबीएस यंत्रणेच्या साहाय्याने चाकांच्या फिरण्यातला फरक मोजून अंदाज केला जातो. तिथे हवा भरल्यावर रीसेटचं बटण दाबावं लागतं. हवा न भरता ते दाबलंत तर गाडी कमी दाबालाच योग्य मानून गप्प बसेल. हे सर्वांत धोक्याचं.

सुट्टीत गावी गेल्यावर आता तिथल्याही अनेक गाड्यांत हा दिवा दिसतो. पोलादपूरहून सुमारे १३५० मीटर उंचीच्या महाबळेश्वरला चढलात तर बाहेरच्या हवेचा दाब उतरतो, म्हणून तोच टायर दोनेक पीएसआय जास्त दाखवू शकतो. वरची थंडी त्यातलं बरंचसं फेडते. एवढ्या फरकासाठी घाटात थांबून हवा सोडू नका. खाली उतरल्यावर टायर थंड होऊ द्या, मग मोजा.

गाडी हातात आली की त्याच आठवड्यात एक साधं गेज विकत घ्या, दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा फोटो काढून ठेवा, आणि महिन्यातून एकदा चारही टायर आणि स्टेपनी मोजा. तरीही दिवा विझला नाही, तर चारही आकडे लिहून घ्या आणि आपल्यापैकी कुणालाही फोन करा. रात्र झाली असली तरी संकोच करू नका.