शपथेची वही आणि लग्नाची यादी

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात सहाव्या दिवशी दुपारी सरांनी एक दोनशेपानी वही आणली. पहिल्या पानावर सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं : ‘मी हुंडा घेणार नाही, देणार नाही आणि हुंडा घेतलेल्या लग्नाला जाणार नाही.’ खाली सह्यांसाठी रेघा. गटप्रमुख म्हणून पहिली सही माझी. मग वही जेवणाच्या पंगतीतून फिरली. उष्टे हात पँटला पुसून पोरांनी भराभर सह्या केल्या. हजेरी घेताहेत असंच काहींना वाटलं. एका पानावर आमटीचा डाग पडला, तो सरांनी राखेने टिपला. शिबिर १९९८ चं. वही अहवालाला जोडली गेली आणि तिचं काम तिथेच संपलं.

पाळशील का, असं तेव्हा मला कुणी विचारलं असतं तर मी हो म्हटलं असतं, आणि ते खोटंही नसतं. समोर मुलगी नव्हती, सासरा नव्हता, आकडा नव्हता. जे कुणी देऊच करत नाही ते नाकारायला काय लागतं?

२००३ च्या फेब्रुवारीत मुलीच्या घरी बैठक झाली. ओसरीवर सतरंज्या, मधे पाण्याचा तांब्या आणि पानसुपारीचं तबक. आमच्याकडून आबा, थोरले मामा आणि गावातले दोघे. त्यांच्याकडून मुलीचे वडील, चुलते आणि सोसायटीचे एक निवृत्त सचिव. मला आतल्या खोलीत बसवलं होतं. नवऱ्या मुलाने याद्यांच्या वेळी बोलायचं नसतं, असा रिवाज. त्या रिवाजाच्या आड मी किती सोयीने बसलो होतो, हे कळायला बरीच वर्षं गेली.

मामांनी दोन फुलस्केप कागदांमध्ये कार्बन घातला. वर ‘॥ श्री गजानन प्रसन्न ॥’, कोपऱ्यांना हळदकुंकू. डावीकडे मुलाकडचं, उजवीकडे मुलीकडचं. आमच्या बाजूला शालू, मंगळसूत्र, जोडवी. त्यांच्या बाजूला अंगठी अर्धा तोळा, गोफ दीड तोळा, घड्याळ, संसाराची भांडी, लग्न दोन्ही अंगाने मुलीकडे, आणि सगळ्यात खाली ‘पोशाखाचे रोख ५१,०००’. हुंडा हा शब्द त्या कागदावर कुठेच नव्हता. “आमची मागणी काही नाही, तुमच्या हौसेने काय ते करा,” असं आबांनी दोनदा बजावलं. हौसेचा आकडा एकतीसवरून एकावन्नवर गेला तेव्हा ओसरीवर कुणीतरी घसा खाकरल्याचं मला आत ऐकू आलं. बाकी काही नाही. सुपारी फुटली, चहा आला.

त्या यादीतला शब्दन् शब्द पाळला गेला. गोफ वजनाला गुंजभर कमी वाटला म्हणून मामांनी हळदीच्या दिवशी सराफाची पावती मागून घेतली होती.

वहीवर शंभराच्या वर सह्या होत्या, यादीवर चौघांच्या. पाळली गेली ती चौघांची. मी यावर पुष्कळ डोकं खाजवलं आहे. यादीवर तारीख असते, जिन्नस असतो, वजन असतं, कुणी कुणाला द्यायचं ते नावानिशी असतं. एक प्रत इकडे, एक तिकडे. आणि मुख्य म्हणजे, नाही पाळलं तर दारात येऊन विचारणारा एक माणूस असतो. आमच्या वहीत यातलं काहीच नव्हतं. वही मागायला कुणी येणार नाही, हे सही घेणाऱ्याला माहीत होतं आणि करणाऱ्यालाही.

लग्नानंतर दोनेक वर्षांनी ट्रंकेत शिबिराचं प्रमाणपत्र सापडलं. मी बायकोला वहीची गोष्ट जरा फुशारकीनेच सांगितली. तिने घडी घालता घालता ऐकली आणि म्हणाली, “त्या वहीत माझ्या अण्णांचं नाव नव्हतं ना, म्हणून.” त्या दिवशी मला पहिल्यांदा समजलं की अण्णांनी दोन म्हशी विकल्या होत्या आणि उरलेल्या रकमेचा पतसंस्थेचा हप्ता अजून चालू होता. पुढे मी पैसे परत न्यायला गेलो तर त्यांनी घेतले नाहीत. “आता परत घेतले तर लोक म्हणतील, पोरीचं काहीतरी बिनसलं.” एकदा घेतलेलं परत करायला वाट उरत नाही, ती अशी.

यातून मी शहाणा झालो म्हणावं तर तेही नाही. कनिष्ठ महाविद्यालयात शिकवायला लागलो आणि आता शपथ देणारा मीच झालो. उजवा हात पुढे करायला लावून दरवर्षी दोनेकशे पोरांकडून एका सुरात म्हणवून घ्यायचो. मग एका माजी विद्यार्थ्याच्या याद्यांना ‘चार मोठी माणसं’ म्हणून मला बोलावणं आलं. गेलो. यादीत मोटरसायकल होती. बाहेर आल्यावर मी त्याला शपथेची आठवण दिली. तो अजिबात चिडला नाही. “सर, तेव्हा सगळ्यांनीच हात पुढं केला होता की,” म्हणाला. माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण साक्षीदार म्हणून मीही त्या यादीवर नुकतीच सही केली होती.

म्हणून आता जे सांगतो ते पोरांना सांगतोच, पण आधी शपथा देणाऱ्या माझ्यासारख्यांना. पंगतीत वही फिरवू नका. दोनशे सह्यांच्या नादाला लागू नका, पाच मिळाल्या तरी पुष्कळ. ज्याला करायची आहे त्याला एक रात्र द्या आणि वाक्य त्याचं त्याला लिहू द्या. ‘मी हुंडा घेणार नाही’ हे वाक्य फार मोठं आहे, त्यात कुणीही मावतं. ‘स्थळं बघायला लागण्याआधी मी वडिलांना आणि मामांना सांगेन’ हे लहान आहे, आणि ते लिहिताना हात अडखळतो. हात अडखळला तर समजावं की सही खरी होते आहे. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने १८७३ मध्ये जी लग्नपद्धत सुरू केली तिच्यात नवरानवरी एकमेकांसमोर मराठीत शब्द देतात. ज्याला शब्द द्यायचा तो माणूस तिथे समोर उभा असतो, ही त्यातली मोठी गोष्ट.

२०२५ मध्ये पुण्याकडे एका विवाहितेचा जीव गेल्यावर मराठा समाजाच्या बैठकांमधून लग्नाची आचारसंहिता ठरवली गेली. चांगलंच झालं. पण असं काही घडलं की आपल्याकडे शपथांचा हंगाम येतो, आणि हंगाम सरला की कागद कुठे गेले ते कुणी पाहत नाही.

पोरांनो, याद्यांच्या दिवशी आतल्या खोलीत बसू नका. सतरंजीवर बसा. आणि बैठकीत तोंड उघडण्याच्या भरवशावर राहू नका. चार वडीलधाऱ्यांसमोर ऐनवेळी घसा बसतो. वडिलांशी बोलणं त्याच्या आधी, घरी, दोघंच असताना झालेलं असावं.

आणि ‘हौसेने’ हा शब्द आला की कान टवकारा. हुंडा प्रतिबंधक कायदा १९६१ चा आहे. त्याला पोशाख, मानपान असल्या नावांशी देणंघेणं नाही. लग्नापायी दिलं-घेतलं तो हुंडा. घेणारा दोषी आणि देणाराही. किमान पाच वर्षं कैद, आणि दंड पंधरा हजार किंवा हुंड्याची किंमत, यांत जे जास्त असेल ते. न मागता, रीत म्हणून आणि ऐपतीप्रमाणे दिलेल्या भेटींना तो सूट देतो, पण त्या यादीत लिहिलेल्या असल्या तरच. होय, कायद्यालाही यादी हवी आहे. २ ऑक्टोबर १९८५ पासूनचा नियम आहे : नवरीला मिळालेल्या भेटींची एक यादी, नवऱ्याला मिळालेल्यांची दुसरी, वस्तू काय, अंदाजे किंमत किती, कुणी दिली, त्याचं नातं काय, आणि खाली दोघांच्या सह्या. नवरीची यादी नवरीने जपायची. इतकी लग्नं जेवलो, पण ही यादी मी एकाही मांडवात पाहिलेली नाही. यादी करायचा कंटाळा आपल्याला आहे म्हणावं, तर गोफाची गुंज कशी मोजली जाते ते वर सांगितलंच.

मुलींना एवढंच सांगेन, की ही यादी आपल्या हाताने लिहा आणि एक प्रत माहेरी ठेवा. सासरकडच्या कुणी हुंडा म्हणून काही घेतलं असेल तर ते तीन महिन्यांत मुलीच्या नावे करून द्यावं लागतं, असंही कायदा म्हणतो. आमच्याकडे ते कुणाच्या गावीही नव्हतं. गोफ माझ्याच गळ्यात होता.

गेल्या वर्षी भाच्याचं लग्न ठरलं. मामा म्हणून यादी लिहायला मीच. भाचा माझ्या शेजारी सतरंजीवर बसला होता आणि घरचं बोलणं दिवाळीतच उरकलेलं होतं. कार्बन, हळदकुंकू, गजानन प्रसन्न, सगळं रीतीप्रमाणे. खर्च निम्मा-निम्मा, दागिने ज्याचे त्याने. मुलीच्या आजोबांनी कागद हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला.

“पाव्हणं, आमची बाजू तर मोकळीच दिसतीया.”

“मोकळीच ठेवायची आहे, आजोबा.”

“आसं न्हाई चालत. शुभाच्या कागदाला मोकळी बाजू नसावी. कायतरी लिवा.”

मी भाच्याकडे पाहिलं, भाच्याने माझ्याकडे. मग मी उजव्या बाजूला लिहिलं : ‘मुलीकडून पंगतीत वाढायला माणसं सहा.’ आजोबांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि सही केली. लग्नाच्या दिवशी पंगत बसली तेव्हा धोतराचा सोगा खोचून ते स्वतः हातात भाताचं भगुणं घेऊन उभे होते, आणि मागे त्यांचे पाच जण.