मधली भिंत
इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात यरुशलेमेच्या मंदिरातील एक शिला आहे. ती १८७१ साली सापडली. तिच्यावरील ग्रीक लेख बजावतो की, परक्याने कठड्याच्या आत येऊ नये. सापडल्यास आपल्या मरणास तोच जबाबदार. इफिसकर त्रफिमाला पौलाने मंदिरात नेले, अशा समजुतीने दंगल उसळली (प्रे. कृ. २१:२७-३१). इफिसकरांस लिहिताना (२:१४) ‘मधली भिंत’ म्हणून पौलाच्या डोळ्यांपुढे हाच कठडा असावा. इ. स. ७० मध्ये मंदिर पडले. पौलाच्या शिकवणीनुसार भिंत मात्र आधीच वधस्तंभाने पाडली होती. वाचकहो, अशी शिला पाहून परतताना स्वतःस विचारू या : आपल्या मंडळीच्या दाराशी जातीची एखादी अदृश्य पाटी अजून उभी नाही ना?